वापरात आहे

क्युल्लिके आली तेव्हा पावणेचार झाले होते,
अंधार पडून गेला होता.
कार्डलातलं माझं दुकान तुम्ही पाहिलं नसेल:
पुढे मासेमारीची जाळी, मागे संगणक.
दोन्हीकडे काम एकच, गुंता सोडवायचा.

तिने कोटाच्या आतून लॅपटॉप काढला,
आणि त्याच्या केबलला लोंबणारी हार्ड डिस्क,
लोकरीच्या मोज्यात घातलेली.
"सोडत नाहीये, राइवो," ती म्हणाली.
"तीन दिवस झाले. बाहेर काढायला गेलं की तेच:
डिस्क वापरात आहे, नंतर प्रयत्न करा."

बावीस वर्षांचे क्रौंच होते त्यात,
दलदलीच्या काठी, ओल्या बुटांत उभं राहून
पहाटे पहाटे मोजलेले.
पुढच्या वर्षीपासून मोजणार होती हापसालूची कुणी मुलगी,
आणि डिस्क तिच्याकडे जायची होती
आजच्याच बोटीने.

"ओढून काढू का सरळ?"
नको, म्हटलं.
तानेलने काढली होती तशी, मुलीच्या लग्नाची.
फोटोंत सगळे कमरेपर्यंतच आहेत, खाली राखाडी पट्टा.
नवरी हसते आहे
आणि तिला पाय नाहीत.
घास तोंडात असताना कुणाला ताटावरून उठवू नये,
यंत्रालासुद्धा.

मग मी नेहमीची दारं ठोठावली.
फोटो दाखवणारं बंद केलं, गाणी वाजवणारंही.
कुणी सांगितलेलं नसताना
रात्रंदिवस फायलींच्या याद्या करत बसणारा तो कारकून,
त्याला गप्प केलं.
विषाणू हुडकणाऱ्याला म्हटलं, पुरे आता.
केबल बदलली.
केबलचा दोष नव्हता, पण बदलली की मला बरं वाटतं.
डिस्क तळहाताखाली गुरगुरत राहिली,
झोपेचं सोंग घेतलेल्या मांजरासारखी.

डिस्क वापरात आहे.

क्युल्लिके घड्याळाकडे बघत नव्हती,
बघत नाहीये हे मला दिसेल अशा बेताने.

शेवटी विचारलं, काळ्या चौकटीत, एका ओळीत:
नेमकं धरून कुणी ठेवलंय?
उत्तरही एकाच ओळीचं आलं.
एक क्रमांक. एक फोल्डर: ऑक्टोबर २००३.
आणि धरणाऱ्याच्या रकान्यात नाव,
क्युल्लिके.

"मी तर काहीच करत नाहीये," ती म्हणाली.

खरं होतं.
पडद्याच्या तळाशी दुमडून ठेवलेली एक खिडकी निघाली.
तीन आठवड्यांपूर्वी कुठल्याशा पुस्तिकेत बघून
तिनेच उघडली होती, फायलींची नावं उतरवायला.
त्या फोल्डरात शिरली,
आणि सूप ऊतू चाललं म्हणून उठून गेली.
तेव्हापासून ती तिथेच उभी.
वाचत नाही, लिहीत नाही, नुसती उभी.
कर्सर लुकलुकतोय.

उंबऱ्यात उभं राहून दार लावता येत नाही.

"मग काय करू?"
"दोन अक्षरं टाइप कर. कुठे जायचं ते लिहू नकोस.
नाही लिहिलं की ते आपोआप घरी नेतं."

तिने हातमोजा काढला.
टाइप मात्र केलं नाही लगेच.
आधी त्या ऑक्टोबरची यादी उघडली, बोट फिरवत खाली गेली.
"दोनशे चौदा," म्हणाली.
"त्यातला एक उतरताना लंगडत होता. ते लिहिलंच नाही मी.
रकाना नव्हता."
यादी मिटली.
मग दोन अक्षरं, आणि एंटर.

डिस्क थांबताना तळहातात किंचित वळते,
कूस बदलावी तशी.
मग नुसतं वजन उरतं.

पैसे घेतले नाहीत, धुरावलेला मासा घेतला.
पावतीवर बिघाडाचं कारण असा एक रकाना आहे.
लिहिलं: खिडकी उघडी राहिली होती.
तिने वाचलं, मोजा छातीशी धरला
आणि बोटीसाठी धावली,
दुकानाचं दार सताड उघडं टाकून.

उठलो.
लावलं.