बोटभर फट

मार्च संपत आला तरी आमच्या दोरीवर स्वेटर वाळतो.
पवननगरात हसतात लोक. हसू दे.
मोहाडीच्या शीतगृहात बारा तास
शून्याच्या आसपास द्राक्षं राखतो मी,
आणि संध्याकाळी त्रिमूर्ती चौकात बसमधून उतरलो
की डांबर चपलेला धरून ठेवतं.
पवननगर हे नाव ठेवणारा
इथं उन्हाळ्यात झोपला नसणार.

आतल्या खोलीत सुयोगचा कॉम्प्युटर.
सेकंडहँड, दोन सीझनच्या ओव्हरटाइमचा.
खेळ सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घुमतो,
जिन्यातच कळतं, पोरगं घरी आहे.

"पप्पा, शेवटचे चार उरतात, त्यात मी असतो,
आणि स्क्रीन काळी."
वडाळा गावातला अल्तमश, त्याचा जोडीदार,
हेडफोनमधून शिव्या घालतो
त्या मला दारात ऐकू येतात.
आकडा दाखवला त्यानं. सत्त्याण्णव.
म्हटलं, चहाचं आधण ठेव ह्याच्यावर.
हसला नाही.

त्याचे उपाय करून झाले होते.
मागे टेबलफॅन, खाली बारावीच्या वह्या,
एकदा फडक्यात गुंडाळून बर्फाचा ट्रे,
त्या दिवशी हिनं घर डोक्यावर घेतलं.
दुकानदार म्हणाला, नवा कूलर, साडेचार हजार.

मला त्यातलं काही कळत नाही.
पण बागेतून आलेला घड बत्तीस अंशांचा असतो,
ऊन दिसत नाही त्याच्यात, असतं.
नुसती गार हवा सोडून भागत नाही,
पेट्यांमधून ती ओढून न्यावी लागते.
दोन पेट्यांत बोटभर फट.
नव्या पोराला पहिल्या दिवशी एवढंच सांगतो:
गार करायचं नसतं रे,
गरम बाहेर काढायचं असतं.

घडात टोचायची सुई खिशातून घरी आली होती.
कॅबिनेटच्या मागे धरली. एकसष्ट.
पुढे धरली, हवा आत जाते तिथं.
बावन्न.
टेबलाच्या खणात कोंबलेला, तीन बाजूंनी फळ्या,
स्वतःचाच उच्छ्वास परत घेत बसला होता बिचारा.

रविवारी उघडला.
पंख्यावर धुळीची गोधडी,
हिच्या धुपाची राख, रस्त्याच्या कामाची माती,
आणि पांढरे, बारीक केस.
"मांजर येतं तुझ्याकडे?"
सुयोग स्क्रू मोजत राहिला.

चिपवरची पेस्ट खडूसारखी वाळली होती.
कापसानं पुसली त्यानं, नवी लावली साबुदाण्याएवढी,
श्वास रोखून.
त्याचा हात इतका स्थिर असतो
हे मला माहीत नव्हतं.
मग खणातून काढून स्टुलावर ठेवला,
भिंतीपासून वीतभर लांब.

रात्री एकोणऐंशी.
बराच वेळ एकोणऐंशी.
अल्तमश ओरडला, अंकलला थँक्यू बोल ना यार.
बोलला नाही.
पलंगावरचे कपडे एका कुशीला ढकलले फक्त.
मी बसलो. विचारलं, ह्यातला तू कोणता?
"तो, पळतोय तो."
पळत होता खरा, गवतातून, वाकून.

बाराला उठलो, सहाची बस असते.
"दार लावून घेऊ?"
"नको," मान न वळवता म्हणाला,
"ते येतं."