ओहोटीआधी

दवाखान्याची लाँच महिन्यातून एकदा आमच्या बेटाला लागते,
भरती असेल तोवर थांबते.
आज चिलोएच्या खाडीत धुकं इतकं
की आधी भोंगा धक्क्याला आला, मग लाँच.

नायारा माझ्या मांडीवर. घसा सुजलेला, अंग तापलेलं,
केसांना चुलीच्या धुराचा वास.
नर्स म्हणते, पेनिसिलिन.
मी म्हणतो, बाटली दाखवा.

ती दाखवते. मी तारीख वाचतो.
काच खिडकीशी धरून पुन्हा वाचतो.
मागून फिदेलिनाआजी खाकरते:
एलिसेओ, पोरा, ओहोटी लागेल.

लागू दे.

आर्सेनियो सात वर्षांचा होता, मी नऊ.
त्यालाही घसाच. बाटलीही अशीच, बुटकी.
आई त्याला घेऊन धक्क्यावर निघाली
आणि उंबरठ्यातून मला म्हणाली, पावाकडे लक्ष ठेव.
पाव करपला.
कितीतरी वर्षं मला वाटायचं, ती रडली ती पावासाठी.

डॉक्टर चांगला माणूस होता, सगळेच म्हणतात.
त्यानं विचारलं नाही, आईनं सांगितलं नाही,
की आदल्या हिवाळ्यात असंच एक इंजेक्शन झालं
आणि आर्सेनियोच्या अंगभर गांधी उठल्या.
घरात सगळे म्हणाले, शिंपल्या बाधल्या.

त्याच डॉक्टरनं पुढे आईचा क्षय बरा केला.
ती रोज गोळी गिळायची,
मग त्याच्या नावानं चुलीत थुंकायची.
एक्याऐंशी वर्षं जगली.

दुधानं पोळलाय, ताक फुंकतोय, म्हणतात मला.
फुंकतो.

नर्स, मिर्ता तिचं नाव, सिरिंज खाली ठेवते.
घरात कुणाला, कधी, काय झालं होतं?
पस्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी शिंपल्यांपासून सुरू करतो.

ती लिहून घेते. ‘गांधी’खाली दोन रेघा मारते.
दुसरं औषध काढते, पिण्याचं, गुलाबी.
याचं कूळच वेगळं, म्हणते.
पहिला चमचा इथेच. मग अर्धा तास बाकावर बसा.

अर्धा तास.
खलाशी दोर हातात धरून उभा.
पाणी खांबांवरून उतरतंय, शेवाळ उघडं टाकत.
फिदेलिनाआजी लोकर विणते, टाके मोजते.
मी नायाराचे श्वास मोजतो. तीनशेच्या पुढे चुकतो,
पुन्हा एकपासून.

लाँचचा तळ चिखलाला घासतो. मिर्ता घड्याळ बघत नाही.

नायारा विचारते, पाव आहे?
आहे खिशात, कालचा.
करपलेली कड मी काढतो, खातो,
उरलेला पाण्यात बुडवून तिला.