शिडी

बाबांच्या पिकअपवर बारा महिने एक शिडी बांधलेली असायची.
नेब्रास्कातल्या आमच्या एवढ्याशा गावात
विम्याची जाहिरात म्हणजे तेवढीच.
गारा थांबल्या की अर्ध्या तासात
ते कुणाच्या तरी छपरावर,
खडूनं एकेका फुटक्या डांबरी कौलाभोवती गोल काढत.
खाली मी, नऊ वर्षांची, वही घेऊन.
दक्षिण उतार, चौदा. पश्चिम, बावीस.
माझी पहिली नोकरी. पगार: एक आइस्क्रीम.

पाटीवर आता आहे ‘व्हर्बका आणि मुलगी’.
‘आणि मुलगी’ मागाहून रंगवलं,
म्हणून ती अक्षरं अंग चोरून बसलीत,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.

मी आल्यावर सुधारणा केल्या.
लिंकनहून शिकवायला एक मुलगा आला, म्हणाला,
आधी भीती दाखवा, मग हप्ता सांगा.
बाबा उठून कॉफी करायला गेले, ते आलेच नाहीत.
मी शाळेच्या सॉफ्टबॉल संघाला टोप्या दिल्या,
काचेवरचा बर्फ खरवडायच्या पट्ट्या वाटल्या,
हमरस्त्याला फलक लावला:
माझाच चेहरा, बारा फुटी,
मी कधीच हसत नाही तशी हसणारी.
वाढदिवसाची चारशे कार्डं, प्रत्येकावर हातानं सही.
एक कार्ड गेलेल्या माणसाला गेलं.
त्याच्या बायकोचा, अर्माचा, फोन:
‘रागावले नाही गं. पण त्याचा चेक तूच पाठवला होतास ना?’

आणि लीलंड कोटास.
त्याचं तळघर भरलं त्या वर्षी
बाबा त्याच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले, नाही म्हणाले.
पाइपाचं पाणी आणि नदीचं पाणी,
कागदाला फरक कळतो,
गालिच्याला कळत नाही.
तेव्हापासून दर ऑगस्टला तो
मक्याची गोणी आमच्या दाराशी ठेवून जातो.
आत येत नाही.
ही माफी आहे की आठवण,
बाबांनी विचारलं नाही, मीही नाही.
कणसं मात्र गोड असतात.

काल रात्री गारा झाल्या, लिंबाएवढ्या.
सकाळी बाबा पिकअपमध्येच बसून, गुडघे संपलेले,
मांडीवर वही, काच खाली.
मी वर. शिडी खालून धरून
लीलंड.
‘या खेपेला कागद काय म्हणतो?’
‘गारा चालतात,’ मी म्हटलं.
तो काही बोलला नाही. शिडी जरा घट्ट झाली.

वरून हमरस्ता दिसतो.
फलकावरच्या माझ्या गालांना भोकं पडलीत,
एक दात गेलाय.
त्याचा विमा उतरवायला मी विसरले.

‘पश्चिम किती?’ बाबा ओरडतात.
हसता हसता माझा आकडा चुकलेला.
खडू तोंडात धरून
मी पुन्हा वळचणीपासून मोजायला लागते.