तीन नंबरची गिरणी

रुस्तावीच्या अलीकडे, नदी वळण घेते तिथे
आमची तीन नंबरची गिरणी:
तेरा मीटरचं आडवं पिंप,
पोटात ऐंशी टन पोलादी गोळे,
रात्रंदिवस क्लिंकरचं दळण.
द्राक्षवेलींच्या पानांवर पीठ बसतं तिचं,
भुवयांवर बसतं, पावावर बसतं.

गुरामला ऐकू येत नाही.
एकतीस वर्षांत गिरणीने तेही दळून टाकलं.
घरी त्सियाला त्याच्याशी हातवारे करून भांडते.
तरी गिरणीचं दुखणं आधी त्यालाच कळतं.
रिकामी असली की ती टणटणते,
ठासून भरली की नुसती घुमते,
एवढं तर मीही सहा महिन्यांत शिकलो.
त्याचं वेगळंच. बेअरिंगच्या कवचाला
तुतीच्या लाकडाची काठी टेकवतो,
दुसरं टोक दातांत धरतो
आणि डोळे मिटतो.

मंगळवारी पहाटे असाच उभा होता.
कंट्रोल रूमच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे.
काठी काढून म्हणाला,
"पहिला कप्पा. एक पाटा सुटलाय."
इंजिनिअर हसला.
मग गुरामकडे बघून हसायचा थांबला.

गिरणी थांबायला वेळ लागत नाही,
गार व्हायला लागतो.
संध्याकाळी झरोक्यातून आत सरपटलो, मी पुढे, तो मागे.
बॅटरीच्या उजेडात गोळे, करडे,
मेंढरं बसावीत तसे एकमेकांना टेकलेले,
आणि बाजूच्या भिंतीवर
अस्तराचा पाटा एका बोल्टवर
हलत्या दाढेसारखा.

गुरामने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.
वाकून एक गोळा उचलला.
टाकला तेव्हा मुठीत मावत नव्हता म्हणे,
आता अक्रोडाएवढा.
बाकीचा गेला कुठे, मी बोटांनी विचारलं.
तो बोलला, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, फार मोठ्याने,
आणि पोलाद त्याचे शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिलं:
"पुलात. शाळेच्या जिन्यात.
आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यात.
चिमूट चिमूट, सगळीकडे."
मग स्वतःच्या कानाला बोट लावलं.
पुढे काही बोलला नाही.

नवा पाटा बसवण्यात रात्र गेली.
चालू केली तेव्हा आधी जमीन थरथरली,
चहाच्या ग्लासात बारीक वर्तुळं उठली.
गुराम ग्लासाकडेच बघत होता.
"ठीक आहे," म्हणाला,
आणि साखर घातली.