चौथं बटण

फेगडेबाईंनी स्टीरिओ आणला तो केळीच्या गाडीतून,
खाली वाळली पानं, वर गोणपाट.
मे महिना. सावद्याच्या माझ्या दुकानात
पंखा फक्त ऊन ढवळत होता.
"मले सगळं ओरिजिनलच पाहिजे, भो," म्हणाल्या,
आणि पावती न घेताच गेल्या.

ओरिजिनल.
पन्नास वर्षांचं रबर ओरिजिनल असेल
तर ते कडकच असणार.
मोटरखालचे तीन ग्रोमेट
बोटानं दाबून पाहिले: खारका.
मोटर थरथरायची, रेकॉर्डच्या पोटात घरघर.

फैजपूर रस्त्याला ठिबकचं दुकान आहे.
सोळा एमएमच्या नळीचे ग्रोमेट मागितले.
"किती एकर?"
"तीन नग."
"तीन नळ्यांची कसली बाग रे, सुपडू?"
म्हटलं, ये एकदा, ऐकवतो.
आतून ब्लेडनं एक पदर सोलला,
बसले.
पाणी गळू नये म्हणून केलेली वस्तू
घरघरही धरून ठेवते,
हे त्या दुकानदाराला अजून पटलेलं नाही.

उजव्या बाजूचे दोन जर्मेनियम गेले होते.
तसले आता मिळत नाहीत,
मिळाले तर मेलेलेच मिळतात.
सिलिकॉन घातले. पण जर्मेनियम
पाव व्होल्टाच्या हाकेला उठणारा,
याला अर्ध्याच्या वर लागतं,
म्हणून शेजारचे दोन रेझिस्टर बदलले,
मग त्यांच्या शेजारचा एक.
रात्री अकराला मीटरचा काटा जाग्यावर आला.
एक पार्ट बदलायचा
तर सगळ्या गल्लीला विचारावं लागतं.

डायलची दोरी तापीवरच्या एका भोईदादाची,
गळाची, उरलेली.

मोठा कंडेन्सर पोटातून कोरून काढला,
जुन्या डब्यात नवा, अंगठ्याएवढा, उभा केला.
वरून पाहिलं तर काहीच झालं नाही.
ही फसवणूक का?
दोन दिवस ठरेना.
शेवटी लाख ओतायच्या आधी
डब्याच्या आतल्या अंगाला
खिळ्यानं तारीख कोरली, आणि नाव.
पुढं कधी कोणी उघडेल
त्याच्याशी तरी खोटं नको.

राहिलं बटण. चारातलं एक हरवलेलं,
तिथं कोणीतरी टूथपेस्टचं झाकण ठोकलं होतं.
दांड्याला अठरा दाते,
बाजारातल्या बटणांना चोवीस.
भुसावळला गेलो. हबीब तडवी,
लोको शेडमधून रिटायर,
अंगणात निंबाखाली लहानसं लेथ.
जुनं बटण त्यानं उन्हात धरलं,
कडेच्या रेघा नखानं मोजल्या,
चुकला, पुन्हा मोजल्या.
संध्याकाळी उतरलं ते हुबेहूब,
पण चमकणारं.
"घासून मळकट करू?"
नको म्हटलं.
का म्हटलं, ते बसमध्येही सुचलं नाही.

बाई आल्या, हातात केळीच्या वेफरची पुडी.
सगळं सांगून टाकलं:
ठिबक, सिलिकॉन, डब्यातला डबा.
ओरिजिनल नाही हे
जरा हळूच सांगितलं.
त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे,
एकेक बटण फिरवून बघत होत्या,
बाजारात वांगं बघावं तसं.
"हे नवं दिसू राह्यलं."
"हो."
"कशाचं?"
"बॅलन्सचं."

बाईंनी आवाजाचं जुनं बटण ओढून काढलं,
नवं तिथं बसवलं,
जुनं बॅलन्सला.
"बॅलन्सले कोन हात लावते?
आवाजले रोज लागतो.
घासू दे त्याले."

मग रेकॉर्ड लावली.
मध्येच स्टेशनाकडून मालगाडी निघाली, लांबलचक,
छपन्न डब्यांची असेल,
बाईंनी न बघता हात नेला
आणि आवाज वाढवला.
गाडी गेल्यावर मी पाहिलं:
चकचकीत बटणावर
वेफरच्या तेलाचा
पहिला ठसा.