टांगणीला

नदीचं मूळ, ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
बोल्टाचं मात्र विचारावं.
माथ्यावर खूण नसलेला बोल्ट बाबा
दोन बोटांत धरून दिव्याखाली फिरवतात
आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकतात.
टण्ण.
"कुंपणाला चालेल. मला नाही."

चीकटोवागात जानेवारी आहे.
एरी सरोवरावरून आलेला बर्फ
गॅरेजच्या दाराला कमरेइतका टेकलाय.
आत झेनॉन वोय्तानिक, वय एकाहत्तर,
बफलोच्या धान्यकोठारात एकतीस वर्षं
पट्टे आणि बादल्या दुरुस्त केलेला माणूस,
पाठीला बांधून उडायचं यंत्र जुळवतोय.
पेरॉक्साइडच्या दोन टाक्या, मधे नायट्रोजनची एक,
खांद्यांवरून खाली वळलेल्या दोन नळ्या.
इंधन पुरणार एकवीस सेकंद.
तयारीचं हे चौथं वर्ष.

मी हाडांच्या ऑपरेशन थिएटरात नर्स.
दिवसभर सर्जनच्या तळहातावर स्क्रू ठेवते,
हा खुब्याचा, हा घोट्याचा.
बाबा सांधा म्हणाले की मला कूर्चा दिसते,
मी म्हटलं की त्यांना पोलाद.

"हा बोल्ट एकाच बाजूने का धरलाय?"
नळ्या जिथे चौकटीवर झुलतात तिथलाच, मुख्य.
"जागा नव्हती."
"मग करा."
"ग्राझिना, तू खुबे सांभाळ."
तीन दिवस अबोला.
चौथ्या दिवशी कानासमोर दुसरा कान वेल्ड केलेला,
बोल्ट दोघांच्या मधे,
लग्नातून पिऊन निघालेल्या मामाला
दोघांनी काखेत धरून न्यावं तसा.
आटे बाहेर ठेवलेले.
भार घ्यायचा तो गुळगुळीत अंगावर,
आट्यांच्या खाचेत चीर लपून बसते
हे मला शिकवायला नको होतं,
पण त्यांनी शिकवलं, मीही ऐकून घेतलं.

खिडकीत एक मोडका बोल्ट आहे.
टेओफिल काकांच्या शिडीचा.
तुटल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेघा, एकात एक,
वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलाने सरकलेल्या,
आणि कडेला खडीसाखरेसारखी एक चकचकीत चंद्रकोर.
तेवढीच त्या दिवशी तुटली.
बाकीचा आधीच तुटलेला होता,
आणि काका रोज चढत होते.

नायलॉनची कडी असलेले नट नळ्यांजवळ नकोत,
ती वाफ कडी लोण्यासारखी वितळवील.
तिथे बुरुजांचे नट, आरपार पिन,
पिनेचे पाय दुमडलेले.
मग तार. तार अशी पिळायची
की नट सुटायला निघाला तर
त्याच ओढीने घट्ट व्हावा.
(आई गेल्यापासून यांना असं ओढणारं कोणी नाही.
हे मी बोलत नाही, पक्कड देते.)

सगळं घट्ट, एक सोडून:
पोटावरचं बक्कल.
ते हातमोज्यानिशी, एका हाताने,
एका हिसक्यात सुटलं पाहिजे.
बाबांनी ते डोळे मिटून चाळीस वेळा सोडलं.
एकेचाळिसाव्या वेळी अडकलं.
नवीन मागवलंय.

शनिवारी रात्री तुळईला टांगलं.
बाबा आणि भरल्या टाक्या मिळून एकशे तीस किलो,
त्याच्या तिप्पट वाळू,
त्यांच्याच पट्ट्यांत, त्यांच्याच जागी.
प्रत्येक नटावरून बोल्टावर ओढलेली
लाल रंगाची एक रेघ.
पोती किंचित गिरकी घेत राहिली.
जीव टांगणीला लागणं म्हणजे काय
ते मी उशीवरून ऐकत होते, तुळईच्या करकरीत.

सकाळी बाबा माझ्या आधीच तिथे.
भिंग घेऊन वाकलेले, टोपी मागे सरकलेली.
अकरा रेघा सरळ.
बारावी नटाच्या कडेशी
केसभर मोडलेली.
बरगडीजवळचा साधा बोल्ट, मुख्यसुद्धा नाही.
"केसभरच आहे," मी म्हटलं,
माझंच वाक्य मला पटलं नाही.

त्यांनी पोती उतरवायला हात लावला,
मी दुसरं टोक धरलं.
बोल्ट काढला, दिव्याखाली फिरवला,
कूळ उत्तम, खूण स्वच्छ.
टण्ण.

मग फावडं घेऊन बाहेर गेले.
दारापुढचा बर्फ पुन्हा कमरेइतका झाला होता.