नॅटच्या पोटाखाली

वायुसेनानगरच्या गेटवर ओळखपत्र दाखवून आत आलो.
मे महिना, सकाळचे साडेदहा, डांबर आत्ताच मऊ.
बाबांच्या डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.

विमानं उभी कडुनिंबांच्या ओळीत,
चाकं सिमेंटमध्ये घट्ट बसवलेली,
पळून जातील की काय, अशी.
डकोटाच्या दारात साळुंकीचं घरटं.
हंटरच्या नाकाला नवा रंग, इतका चकचकीत
की शाळेची पोरं त्यात बघून भांग पाडताहेत.

बाबा थेट नॅटपाशी गेले.
एवढंसं? मी म्हणाले.
मला वाटायचं लढाई मोठी असते.
"याले शिडी लागे नाही.
उभ्याउभ्या हात जाये पोटात.
टॉर्च दातात, काचेले निळा कागद."

पाटीवर वैमानिकाचं नाव, हुद्दा, वर्ष.
बाबांनी पाटी वाचली नाही.
चष्मा शर्टाला पुसून परत लावला
आणि वाकले, गुडघ्यांना न विचारता.
"काय शोधून राह्यले, बाबा?"
"डाग."

एकाहत्तरचा डिसेंबर, सरहद्दीजवळचा तळ.
विमान परतायचं, थांबायचं,
आणि खाली लाल तेलाचा थेंब. मग दुसरा.
डहाके डबा लावायचा, बिस्किटांचा, रिकामा.
डबा किती भरला त्यावरून यांना कळायचं
कोण वर कसा वळला, कुठे घाबरला.
वैमानिक काहीबाही सांगायचे.
डबा खोटं बोलत नसे.

एका रात्री डबा कोरडाच राहिला.
"दुरुस्त झालं होतं?" मी विचारलं.
बाबा पंखाखालच्या सावलीकडे बघत राहिले.
"आलंच नाही ते."

शिट्टी वाजली, पोरं रांगेला लागली.
एक एअरमन आला, एकोणिसाचा असेल,
बिल्ल्यावर नाव कोरेटे.
"काका, हात नका लावू."
मग त्यांचा हात आधीच कुठवर गेलाय ते पाहिलं त्यानं
आणि कडुनिंबाकडे बघू लागला.

बाबांनी हात बाहेर काढला,
बोटावर बोट घासलं, नाकाशी नेलं.
रंगाचा वास. नुसत्या रंगाचा.
"गळत नाही," म्हणाले,
"आता काहीच गळत नाही."

परतताना फुटाळ्यावर उसाचा रस घेतला.
हात स्वच्छ होता.
तरी ग्लास धरायच्या आधी
त्यांनी तो पँटला पुसला,
दोनदा,
पुढून आणि मागून.